छायाचित्रांत सांवली कशी घालतात

छायाचित्र हा शब्द मराठींत ज्यांनीं रूढ केला त्यांची निवड मोठी मार्मिक म्हटली पाहिजे. ज्या ग्रीक शब्दांपासून युरोपीय नांव बनलें त्यांचा अर्थ ‘प्रकाशानें केलेलें लेखन’ असा होतो. मराठीनें प्रकाश सोडून छाया उचलली. चित्र घेणाऱ्या यंत्राकडे पाहिलें तर युरोपीय नांव अधिक बरोबर ठरेल. पण चित्र पाहणाऱ्या डोळ्याकडे लक्ष दिलें तर मराठी नांवच सरस वाटतें. सपाट कागदावर उमटलेली वस्तु कोठें टेकली आहे, जमिनीपासून किती उंच आहे, उजेड कोणीकडून येत आहे, हें डोळा बव्हंशीं सांवलीवरूनच ताडतो. आणि संगणकावर चित्रें दुरुस्त करण्याच्या ज्या आज्ञावली आज घरोघरीं पोंचल्या आहेत त्या हातीं येतांच नवशिका ज्या करामतींकडे प्रथम वळतो, त्यांपैकीं एक म्हणजे चित्रांत मुळांत नसलेली सांवली घालणें ही होय.

ध्वनिक्षेपणांत श्रोत्यापुढें चित्र ठेवतां येत नाहीं, म्हणून एक साधी वस्तु मनांत आणणें सोयीचें. भांड्यांच्या एका दुकानदारास आपल्या मालाचें सूचीपत्र छापावयाचें आहे, अशी कल्पना करावी. त्यानें पितळेचा एक तांब्या दुकानाच्या फळीवर ठेवून त्याचें छायाचित्र घेतलें. पण मागें पोत्यांची रास, भिंतीवरचें कॅलेंडर, अर्धवट उघडें कपाट असा सारा पसारा आला. तो नको म्हणून संगणकावर तांब्याच्या कडेकडेनें रेघ फिरवून त्यानें तांब्या तेवढा कापून काढला आणि स्वच्छ पांढऱ्या पृष्ठावर मांडला. तांब्या तोच, चकाकी तीच, घडणहि तीच; पण तो ठेवलेला दिसत नाहीं, टांगलेला दिसतो. कापतांना पसाऱ्याबरोबर फळीवरची सांवलीहि गेली, हें दुकानदाराच्या ध्यानांत आलें नाहीं. आतां तांब्याच्या बुडाशीं एक लहानसा करडा डाग घालावा. तांब्या तत्काळ बसतो. तोच डाग बोटभर खालीं सरकवावा. तांब्या वर उचलला जातो. वस्तुतः तांब्याला कोणीं हातहि लावलेला नसतो.

हा अनुभव कारागिरांना पूर्वींपासून होता. त्याची शास्त्रीय तपासणी मात्र अलीकडची आहे. डॅनियल कर्स्टन, पास्कल मामासियन व डेव्हिड निल या संशोधकांनीं १९९७ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगांत पडद्यावर उघड्या पेटीचें चित्र दाखविलें जातें व तिच्यांत एक चेंडू तिरक्या रेषेंत सरकत असतो. चेंडूची सांवली त्याच्या बुडाला चिकटूनच सरकली, तर चेंडू पेटीच्या तळावरून घरंगळत मागच्या बाजूस गेला असें पाहणारास वाटतें. चेंडूची वाट तीच ठेवून सांवली तेवढी आडव्या रेषेंत सरकविली, कीं तोच चेंडू हवेंत वर चढत गेला असें वाटतें. चेंडूच्या वाटेंत केसभरहि फरक नसतो. चेंडू कोठें आहे याचा निवाडा डोळ्यानें सांवलीवर सोंपविलेला असतो.

आतां यंत्राकडे वळावयास हरकत नाहीं. या कामांतली सर्वांत प्रसिद्ध आज्ञावली जी फोटोशॉप, ती थॉमस व जॉन नोल या बंधूंनीं रचली, आणि अडोबी कंपनीनें ती १९९० च्या फेब्रुवारींत विक्रीस आणली. १९९४ सालच्या तिसऱ्या आवृत्तींत तिच्यांत ‘लेयर’ म्हणजे थर आले. पारदर्शक कागदांची चळत एकावर एक रचावी, एका कागदावर तांब्या असावा, दुसऱ्यावर टेबल, तिसऱ्यावर भिंत, आणि एकास हात लावला तरी इतरांस धक्का लागूं नये, अशी ही सोय आहे. तयार सांवली घालण्याची आज्ञा १९९८ सालच्या पांचव्या आवृत्तींत आली. तोंवर ती कृति चित्रकारास टप्प्याटप्प्यानें हातानें करावी लागे. ज्यांस ही आज्ञावली विकत घेणें परवडत नाहीं त्यांच्यासाठीं गिंप ही विनामूल्य आज्ञावली आहे. कॅलिफोर्नियांतील बर्कली विद्यापीठाचे स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनीं ती रचली व १९९६ सालीं लोकांपुढें ठेविली.

तयार सांवलीस या आज्ञावलींत ‘ड्रॉप शॅडो’ म्हणतात. तिची कृति ऐकली म्हणजे तिच्यांत गूढ असें कांहीं उरत नाहीं. प्रथम तांब्याच्या बाह्याकृतीची एक नक्कल केली जाते आणि ती सगळी काळ्या रंगानें भरली जाते. ही काळी आकृति तांब्याच्या खालच्या थरावर ठेवून थोडी बाजूस सरकवितात. मग तिच्या कडा विरवितात, आणि शेवटीं तिची घनता कमी करून खालचें पृष्ठ तिच्यांतून दिसूं देतात. आज्ञावली जे आंकडे विचारते ते एवढ्याचसाठीं असतात: कोणत्या दिशेस सरकवावयाचें, किती सरकवावयाचें, किती विरवावयाचें आणि किती गडद ठेवावयाचें.

यांपैकीं विरविणें व गडद करणें या दोन क्रियांचें गणित जाणून घेण्यासारखें आहे. संगणकाच्या लेखीं चित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची, म्हणजे पिक्सेलांची, जाळी होय. नेहमींच्या चित्रांत प्रत्येक पिक्सेलाचा तांबडा, हिरवा व निळा उजेड ० ते २५५ या आंकड्यांनीं सांगितलेला असतो. ० म्हणजे काळोख आणि २५५ म्हणजे पूर्ण उजेड. कड विरवावयाची असली म्हणजे प्रत्येक पिक्सेलास त्याच्या शेजाऱ्यांच्या आंकड्यांची सरासरी देतात. जवळच्या शेजाऱ्यास अधिक मान व दूरच्यास कमी, अशी ही सरासरी असते, आणि तो मान गौस या जर्मन गणितज्ञाच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या घंटाकृति वक्ररेषेवरून ठरवितात. काळ्या व पांढऱ्याच्या सीमेवर ही क्रिया झाली, कीं धारदार रेघेच्या जागीं करड्या छटांची उतरण तयार होते.

गडदपणाचा हिशेब याहूनहि सोपा आहे. सांवलीची घनता ५० टक्के ठेविली तर तिच्याखालच्या प्रत्येक पिक्सेलाचा आंकडा निम्मा होतो: २०० चा १००, ८० चा ४०. त्यामुळें टेबलावरच्या कापडाची नक्षी सांवलींतहि दिसत राहते. उजळ धागा उजळच राहतो, फक्त सगळें एका प्रमाणांत मंदावतें. याउलट करडा रंग घेऊन ती जागा सारवून काढली तर नक्षी बुजते आणि सांवलीऐवजीं चिखलाचा डाग पडल्यासारखा दिसतो. या प्रमाणशीर मंदावण्याच्या रीतीस ‘मल्टिप्लाय’ म्हणजे गुणाकार असें नांव आहे. सांवलीचा रंग निव्वळ काळा असेल तर साधें मिश्रण व गुणाकार यांचें उत्तर एकच येतें. पण तिच्यांत निळी किंवा तपकिरी छटा घालावयाची असली तर गुणाकारच पत्करावा लागतो, नाहीं तर सांवलींतले मुळचे काळे भाग उलट उजळून निघतात. आंकडा निम्मा झाला म्हणजे उजेड निम्मा झाला, असेंहि समजूं नये. हे आंकडे डोळ्याच्या संवयीस धरून बसविलेले आहेत; आंकडा निम्मा होतांच प्रत्यक्ष उजेड सुमारें एकपंचमांशच उरतो. म्हणून ५० टक्क्यांची सांवली कागदावर सौम्य वाटली तरी पडद्यावर चांगली उन्हासारखी दिसते.

दिशेच्या बाबतींत आज्ञावली बहुधा उजेड वरून येतो असें गृहीत धरतात व सांवली खालीं पाडतात. यामागें मनुष्याच्या डोळ्याची फार जुनी खोड आहे. वि. सु. रामचंद्रन् या मूळच्या भारतीय शास्त्रज्ञानें १९८८ सालीं हा विषय सामान्य वाचकांपुढें मांडला. वरच्या अंगास उजळ व खालच्या अंगास काळपट रंगविलेलें वर्तुळ फुगीर दिसतें. कागद उलटा धरला कीं तेंच वर्तुळ खोलगट दिसूं लागतें. सूर्य डोक्यावर असतो, या एका अनुभवावर डोळा विसंबून असतो. मात्र एकाच चित्रांतल्या दहा थरांना दहा दिशांच्या सांवल्या देण्याची मोकळीकहि यंत्र देतें. तसें होऊं नये म्हणून फोटोशॉपमध्यें सर्व थरांस एकच दिशा लावण्याची खूण आहे. ती उतावळेपणानें काढून टाकणारेच फार, आणि लग्नपत्रिकांच्या मांडणींत त्याचे नमुने पाहावयास मिळतात.

ही तयार सांवली खोटी असते असें मात्र नव्हे. फलकावर टांचलेला कागद, पाकिटावरचें तिकिट, पडद्यावरचें एखादें बटण, अशा पृष्ठाशीं समांतर असलेल्या चपट्या वस्तूंची सांवली खरोखरच अशी असते: वस्तूच्याच आकाराची आणि थोडी सरकलेली. घोटाळा उभ्या वस्तूंपाशीं होतो. तांब्या पृष्ठावर पसरलेला नसून उभा आहे. त्याच्या मागें त्याच्याच आकाराची काळी आकृति चार रेघा सरकवून ठेविली, तर तो तांब्या राहत नाहीं; भिंतीवर चिकटविलेलें तांब्याचें कागदी चित्र होतो. सूचीपत्रांतल्या पुष्कळ चित्रांत जो एक पोरकट सपाटपणा जाणवतो त्याचें कारण बहुधा हेंच असतें.

उभ्या वस्तूस दोन सांवल्या द्याव्या लागतात. पहिली, बूड जेथें टेकलें आहे तेथली. ही अरुंद, जवळजवळ काळी व बुडाला अगदीं बिलगलेली असते, कारण त्या फटींत कोणत्याच बाजूचा उजेड शिरूं शकत नाहीं. दुसरी, जमिनीवर लांब पडणारी. तिच्याकरितां काळी आकृति वेगळ्या थरावर घेऊन तिचें बूड तांब्याच्या बुडाशीं पक्कें धरावें व माथा उजेडाच्या उलट दिशेस ओढून तिला आडवी पाडावी. फोटोशॉपमध्यें आकृतीचे कोपरे ओढून हें करतां येतें. गिंपमध्यें यासाठीं एक स्वतंत्र आज्ञाहि आहे. ओढावयाची किती, हें मर्जीवर नाहीं. सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असेल तर सांवली वस्तूच्या उंचीइतकी, ३० अंशांवर असेल तर उंचीच्या पावणेदोन पट. तिच्या वाटेंत भिंत आली तर भिंतीच्या पायथ्याशीं सांवली मोडते व भिंतीवर उभी चढते. पायऱ्या आल्या तर प्रत्येक पायरीशीं मोडते. या दोहोंपैकीं एकच सांवली घालणें शक्य असेल तर बुडाशीं असलेली पहिली घालावी. लांब सांवली नसली तर दिवस ढगाळ होता असें डोळा समजून घेतो. बुडाशीं उजेड दिसला तर मात्र तो मुळींच क्षमा करीत नाहीं.

कडा विरविण्यांत तर नवशिके हमखास फसतात, कारण यंत्र सगळी कड एकसारखी विरवितें आणि सृष्टींत तसें कधींच होत नाहीं. ग्रहणाच्या वर्णनांतून प्रच्छाया व उपच्छाया हे शब्द सुशिक्षितांच्या परिचयाचे झाले आहेत. सूर्य हा बिंदु नसून आकाशांत सुमारें अर्धा अंश रुंदीचें बिंब आहे; त्यामुळें सांवलीच्या कडेला, जेथून बिंबाचा कांहीं भाग दिसतो व कांहीं झांकला जातो, तेथें उपच्छायेचा पट्टा पडतो. अडविणारी कड जमिनीपासून जितकी दूर तितका हा पट्टा रुंद. त्याची रुंदी त्या अंतराच्या शंभराव्या भागाहून किंचित् कमी असते. एक मीटर अंतरावरच्या कडेची सांवली सुमारें ९ मिलिमीटर विरते, तर दहा मीटरांवरच्या कडेची सुमारें ९ सेंटिमीटर. भर उन्हांत माणसाच्या बुटांची सांवली कापल्यासारखी रेखीव आणि डोक्याची मऊ दिसते ती यामुळें. रस्त्यावरून गेलेल्या विजेच्या बारीक तारेची काळी सांवली जमिनीवर सांपडत नाहीं, याचेंहि कारण हेंच. तारेपेक्षां सूर्यबिंब रुंद दिसतें, आणि प्रच्छाया जमिनीपर्यंत पोंचण्यापूर्वींच संपते. यास्तव जाणता कारागीर सांवलीच्या दोन प्रती करतो, एक रेखीव व एक विरलेली, आणि बुडापासून माथ्याकडे जातांना पहिलीचें दुसरींत हळूहळू रूपांतर होईल अशी उतरण बसवितो.

रंगाचीहि गोष्ट अशीच आहे. निरभ्र दिवशीं सूर्य झांकला गेला तरी निळें आकाश झांकलें जात नाहीं. म्हणून उन्हांतल्या सांवल्यांत निळसर झांक असते. तिन्हीसांजेस खिडकींतून आकाशाचा उजेड येत असतां शेजारीं समई लावली, तर समईच्या ज्योतीनें पडलेली सांवली स्पष्ट निळी दिसते. रंगीत सांवल्यांचा हा चमत्कार जर्मन कवि गटे यानें १८१० सालच्या आपल्या वर्णविचारावरील ग्रंथांत सविस्तर वर्णिला आहे. निव्वळ काळी सांवली खोलींतल्या एखाद्या वस्तूखालीं खपून जाते. अंगणांत ती शाई सांडल्यासारखी दिसते.

आणखी एक चूक आहे, ती चांगल्या चांगल्यांच्या हातून होते. झाडाच्या सांवलींत उभ्या राहिलेल्या माणसाची उन्हाची सांवली जमिनीवर पडत नाहीं. झाडानें ऊन आधींच अडविलेलें असतें. यंत्रास हें कळत नाहीं. तें ५० टक्क्यांवर आणखी ५० टक्के घालतें, २०० चे १०० आणि १०० चे ५० करतें, आणि सांवलींत सांवली उमटते. जेथें जमीन मुळांतच सांवलींत आहे तेथें नवी सांवली पुसून टाकणें एवढाच यावर उपाय. पण तो करावयास प्रथम ही गोष्ट सुचली पाहिजे.

इतकी खटपट टाळण्याचा एक मार्ग दुकानदारास सुरुवातीसच मोकळा होता. तांब्या पांढऱ्या जाड कागदावर ठेवून चित्र घेतलें असतें तर त्याची खरी सांवली कागदावर उमटली असती. तांब्या व सांवली दोन्ही ठेवून कागदाचाच पांढरेपणा वाढविला म्हणजे काम झालें. सूचीपत्रांचें काम नित्य करणारे छायाचित्रकार बहुधा हाच मार्ग धरतात.

एवढे नियम सांगितल्यावर साहजिकच असें वाटेल, कीं यांतला एखादा मोडला तर पाहणारा चटकन् ओळखील. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. डोळा सांवली मागतो, पण मिळालेली सांवली तपासून पाहत नाहीं. ऑस्ट्रॉव्स्की, कॅव्हना व सिन्हा यांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एकाच दिशेनें उजळलेल्या ठोकळ्यांमध्यें एकच ठोकळा वेगळ्या दिशेनें उजळलेला होता. तो हुडकून काढणें पाहणारांस चांगलेंच जड गेलें. पॅट्रिक कॅव्हना यांनीं त्याच सालीं आणखी दाखवून दिलें, कीं मोठमोठ्या चित्रकारांनींहि भलत्याच दिशेस सांवल्या काढल्या आहेत आणि शतकानुशतकें कोणास त्या खटकल्या नाहींत. फ्लॉरेन्स येथील ब्रांकाच्ची चॅपेलमध्यें मासाच्चो यानें १४२० नंतरच्या दशकांत भिंतीवर चित्रें काढतांना त्या चॅपेलच्या खऱ्या खिडकींतून जसा उजेड येतो त्यास धरूनच सांवल्या पाडल्या. ही दक्षता इतकी विरळा, कीं कलेच्या इतिहासांत तिचा मुद्दाम उल्लेख होतो. आपल्याकडील राजपूत व पहाडी लघुचित्रांनीं तर जमिनीवरच्या सांवलीशिवायच निभावून नेलें, आणि त्यांत रसिकांस कांहीं उणें वाटलें नाहीं. पण तीं चित्रें ‘हें असेंच घडलें’ असा दावा करीत नसतात. छायाचित्र तो दावा करतें.

या दाव्याचा संबंध कुटुंबांशींहि येतो. मे महिन्यांत पुण्यास एखादें लग्न झालें, दुपारीं बारा-साडेबाराच्या सुमारास अंगणांत सर्व मंडळींचा गट बसला, आणि लंडनला असलेला थोरला भाऊ तेवढा येऊं शकला नाहीं. मागाहून त्याचें चित्र कापून गटांत बसविलें, हा प्रकार आतां नवलाचा राहिलेला नाहीं. हेतु प्रेमाचाच असतो. पण मेच्या मध्यास पुण्यामुंबईकडे सूर्य मध्यान्हीं बरोबर डोक्यावर येतो. त्या सुमारास माणसाची सांवली त्याच्या पायांखालींच राहते. लंडनमध्यें डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारींहि सूर्य क्षितिजावर सुमारें १५ अंशच चढतो, आणि माणसाची सांवली त्याच्या उंचीच्या साडेतीन पटींहून लांब पडते. थोरल्या भावाच्या पायांशीं असलेली ही लांब सांवली काढून आखूड सांवली घालणें सोपें आहे. त्याच्या नाकाची गालावर पडलेली सांवली, भिवयांखालचा उजेड, कोटाच्या चुण्यांत एकाच बाजूस सांचलेला काळोख, हें सारें बदलणें मात्र अतिशय कठीण. भोंवतालच्या सर्वांच्या डोळ्यांच्या खोबणींत मध्यान्हीचा काळोख असतो, आणि एकट्या भावाचा चेहरा बाजूनें उजळलेला असतो. घरांतलें कोणी तें पाहत नाहीं. पुढच्या पिढींतली नातवंडें त्याच चित्रावरून ‘काका लग्नाला होते’ असें खुशाल सांगतील. अशा चित्राच्या पाठीमागें, कोणती आकृति मागाहून बसविली हें दोन ओळींत लिहून ठेवणें एवढें तरी घरच्यांनीं करावें.

नाकाच्या सांवलीवरून फार मोठा वादहि झालेला आहे. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा २२ नोव्हेंबर १९६३ रोजीं डॅलस येथें खून झाला. आरोपी ली हार्वे ऑस्वल्ड हा हातांत बंदूक घेऊन घराच्या परसांत उभा असल्याचें एक छायाचित्र पोलिसांस सांपडलें. तें बनावट आहे, आपला चेहरा दुसऱ्याच्या धडावर चिकटविला आहे, असें ऑस्वल्डचें म्हणणें होतें. नाकाची सांवली सरळ ओठांकडे उतरते आणि अंगाची सांवली मात्र बाजूस पडते, तेव्हां उजेड दोन ठिकाणचा असला पाहिजे, असा पुष्कळांनीं पुढें आक्षेप घेतला. डार्टमथ कॉलेजचे हॅनी फरीद यांनीं २००९ सालीं संगणकावर त्या डोक्याची व त्या परसाची त्रिमिति प्रतिकृति उभी करून एकाच सूर्यानें उजळून पाहिली. दोन्ही सांवल्या चित्रांतल्यासारख्याच पडल्या. संशय घेणारांच्या डोळ्यांनीं या ठिकाणीं त्यांस दगा दिला होता. जो डोळा चुकीची सांवली सोडून देतो, तो खऱ्या सांवलीसहि खोटी ठरवितो.

म्हणून तपासणी डोळ्यावर न सोंपवितां पट्टीवर सोंपविली जाते. फरीद, एरिक की व जेम्स ओब्रायन यांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलेली रीति भूमितीच्या एका साध्या सिद्धांतावर उभी आहे. वस्तूवरचा एखादा बिंदु व त्याच बिंदूची सांवली यांस जोडणारी रेघ ओढून पुढें वाढवावी. एका दिव्यानें किंवा एका सूर्यानें उजळलेल्या चित्रांत अशा सर्व रेघा एकाच बिंदूस मिळाल्या पाहिजेत. तो बिंदु म्हणजे चित्राच्या पातळींत त्या दिव्याची जागा. सूर्य चित्र घेणाराच्या पाठीशीं असेल तर रेघा खालच्या बाजूस मिळतात, आणि अगदीं बाजूस असेल तर एकमेकींशीं समांतर राहतात. बेताल रेघा दिसल्या कीं कोणती तरी वस्तु परकी आहे. नेमक्या कोणत्या बिंदूची सांवली कोणती हें विरलेल्या कडेवरून नेहमींच सांगतां येत नाहीं. म्हणून एका रेघेऐवजीं पाचरीसारखा प्रदेश घेऊन, अशा सर्व पाचरींस सामाईक जागा उरते कीं नाहीं तें गणितानें पाहतात. १९६९ सालच्या चंद्रावरील छायाचित्रास ही कसोटी लावली असतां त्यांतल्या सांवल्या परस्परांशीं जुळणाऱ्या निघाल्या. जमिनीवरच्या सांवल्या समांतर दिसत नाहींत एवढ्यावरून त्या चित्रांस खोटीं म्हणणारांनीं आगगाडीचे रूळ आठवावेत. समांतर असूनहि ते दूर जातांना मिळतांना दिसतातच.

वृत्तपत्रांच्या जगानें या बाबतींत ठाम नियम केला आहे. असोशिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था आपल्या छायाचित्रांत कोणतीहि वस्तु घालण्यास किंवा काढण्यास मनाई करते. त्यांत सांवलीहि आली. सूचीपत्रांतल्या तांब्यास असला नियम नाहीं व नसावा. गिऱ्हाइकास तांब्या कसा आहे हें कळावयास हवें. तो कोणत्या दिवशीं कोणत्या फळीवर होता याच्याशीं त्याला कर्तव्य नसतें.

अलीकडे या कामांत आणखी एक पालट झाला आहे. २०२३ सालीं फोटोशॉपमध्यें, शब्दांनीं सांगितलेली वस्तु यंत्रानेंच चित्रांत उमटवावी अशी सोय आली. ‘टेबलावर पितळेचा तांब्या’ असें लिहिलें कीं तांब्या उमटतो, आणि त्याच्या बुडाशीं सांवलीहि. येथें कोणी आकृति सरकवीत नाहीं, आडवी पाडीत नाहीं, कीं सूर्याचा अंश मोजीत नाहीं. असंख्य चित्रांत वस्तूंखालीं कोठें व किती काळोख असतो हें यंत्रानें पाहून ठेविलेलें असतें, व त्या बेतानें तें काळोख घालतें. बुडाशीं असलेली सांवली, विरलेली कड, निळसर झांक, हें सगळें पुष्कळदां हातानें केलेल्या कामाहून सरस उतरतें. भूमिति मात्र जुळेलच असें नाहीं. इलिनॉय विद्यापीठांतील संशोधकांनीं २०२४ सालीं दाखविलें, कीं यंत्रानें संपूर्ण निर्मिलेल्या चित्रांतल्या सांवल्या व सरळ रेषा भूमितीच्या नियमांस धरून नसतात, आणि केवळ त्या विसंगतीवरून खरीं व कृत्रिम चित्रें मोठ्या प्रमाणांत वेगळीं करतां येतात. डोळ्याचें समाधान करावयास यंत्र शिकलें आहे. पट्टीचें समाधान करावयास त्या सालपर्यंत तरी शिकलें नव्हतें.

ही पट्टीची कसोटी घरींहि करून पाहतां येते. छापलेल्या चित्रावर दोन-तीन ठळक टोंकें निवडावीं, खांबाचें शेंडें, छत्रीची कड, कोणाची कोपरी. त्यांच्या सांवल्या हुडकाव्या आणि प्रत्येक जोडीवर दोरा ताणून पाहावा. दिवस ढगाळ असेल तर मात्र दोरा कोठें ताणावा हेंच कळत नाहीं, कारण सगळें आकाशच दिवा झालेलें असतें. अशा चित्रांत लांब सांवली शोधण्यांत अर्थ नाहीं. बूट, चाक किंवा खुर्चीचा पाय जमिनीस जेथें टेकतो तेथली अरुंद काळी फट तेवढी पाहावी, आणि शेजारच्या दुसऱ्या पायाशीं ती तितकीच काळी आहे कीं नाहीं तें ताडून घ्यावें.